२×२ सीपी ॲरे: एस११ मस्त, पण समोर गेनच नाही

पॅचवाला_२४: नमस्कार मंडळी, बीईचा फायनल इयर प्रोजेक्ट आहे, नाविकच्या (आपली भारतीय उपग्रह दिशादर्शन यंत्रणा) एस बँडला म्हणजे २४९२ मेगाहर्ट्झला २×२ पॅच ॲरे (बोर्डवरच्या चार चपट्या तांब्याच्या अँटेना एकत्र) करतोय, आरएचसीपी (उजवं वर्तुळाकार पोलरायझेशन; सीपी म्हणजे वर्तुळाकार). एफआर४ (नेहमीचं पीसीबी मटेरियल), १.६ एमएम, पॅच साधारण २८ एमएमचा चौकोन, समोरासमोरचे दोन कोपरे कापलेत, सिंगल फीड (सिग्नल एकाच जागी देतो). एकटा पॅच सिम्युलेशनमध्ये झकास येतो, एक्सियल रेशो (सीपी किती गोल आहे ते, ० डीबी म्हणजे परफेक्ट) १ डीबीच्या आत. मग सिक्वेन्शियल रोटेशन (पॅच एकेक करून फिरवायचे आणि त्यांची फेजही तेवढीच सरकवायची) वाचलं, चार पॅच ०, ९०, १८०, २७० असे फिरवले आणि फीडलाईनपण पाव-पाव वेव्हलेंग्थने वाढवत नेल्या. एस११ (इनपुटवरून किती सिग्नल परत येतो ते) उणे २४ डीबी आला, गाईड सर खूश मी पण खूश, आणि पॅटर्न (कुठल्या दिशेला किती ताकद जाते) काढला तर बरोबर समोर खड्डा, गेन उणे ११, चार कोपऱ्यांकडे चार कान. तीन दिवस सिम्युलेशनचा मेश (हिशोबाची जाळी) बारीक करत बसलोय. पुढच्या आठवड्यात बोर्ड बनवायला द्यायचाय 😭

सोल्डर_सम्राट: मिरर करून कॉपी केलेस का पॅच? मिरर केला की आरएचसीपीचा एलएचसीपी (डावं) होतो, माझं असंच झालेलं

पॅचवाला_२४: नाही दादा, रोटेटच केलेत, फीडसकट.

आरएफ_काका: मेश सोड. तुझी फेज उलट्या दिशेने चाललीये. अँटेनासमोर उभं राहून बघ, आरएचसीपीचं फील्ड आपल्याकडे येताना घड्याळाच्या उलट फिरतं. म्हणजे त्याच दिशेने ९० अंश फिरवलेला पॅच आपोआप ९० अंश पुढे असतो, त्याला फीडमध्ये ९० अंश मागे ठेवायचं, तेव्हा चौघं एका सुरात येतात. तू बहुतेक लांब लाईन घड्याळाच्या दिशेने वाढवत गेलायस, त्यामुळे शेजारचे पॅच १८०ने भांडतायत आणि समोर सगळं शून्य. ते चार कान म्हणजे त्याचीच सही.
आणि एस११ वर जाऊ नकोस रे बाबा. पॅचकडून परत येणाऱ्या लाटा लाईनमधून दोनदा जातात, ०, १८०, ३६०, ५४०, इनपुटला त्या एकमेकींना खाऊन टाकतात. दिशा बरोबर असो की चूक, एस११ गोडच दिसणार!

पॅचवाला_२४: काकाऽऽ! २ आणि ४ नंबरच्या लाईनची अदलाबदल केली फक्त. गेन ७.६, एक्सियल रेशो ०.८. तीन दिवस गेले माझे 🙏

लॅब_असिस्टंट: आता लगेच बोर्ड नका देऊ. एफआर४चा इआर (डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट) ४.४ धरला असणार, हातात ४.२ चा शीट आला तर पॅच पन्नासेक मेगाहर्ट्झ वर सरकतो आणि एकट्या कापलेल्या कोपऱ्याच्या पॅचची सीपी बँडविड्थच मुळात २५-३० मेगाहर्ट्झ असते. रोटेशनमुळे ॲरे थोडं सांभाळून घेतो म्हणा, तरी आधी त्याच शीटवर एकच पॅच कापून मोजा. लॉसपण आहे, लाईनमध्येच १० सेमीला पाऊण-एक डीबी जातो.
टेस्टिंगला साधा डायपोल (सरळ तारेची अँटेना) लावाल तर डावं-उजवं कळणारच नाही, त्याला दोन्ही सारखेच. ४० एमएमच्या पीव्हीसी पाईपवर तांब्याची तार गुंडाळून दोन हेलिक्स (स्प्रिंगसारख्या अँटेना) करा, एक साध्या स्क्रूच्या आट्यांसारखी, ती आरएचसीपी, दुसरी उलटी. २४९२ ला वेव्हलेंग्थ १२० एमएम, पाईपचा घेर १२६, बरोबर बसतो. आमच्याकडे एका बॅचने अख्खा ॲरे एलएचसीपी बनवून आणलेला आणि सबमिशनच्या आदल्या दिवशी कळलं.

सोल्डर_सम्राट: पीव्हीसीवाली आयडिया चोरली जात आहे

पॅचवाला_२४: हार्डवेअरच्या दुकानात निघालो. पॅचमधलं अंतर ८४ एमएम ठेवलंय, ०.७ लॅम्डा (वेव्हलेंग्थ), चालेल ना?

आरएफ_काका: चालेल. जा पाईप आण.