लेबर रूममध्ये रात्री एकटी सिस्टर असताना बायकांशी नीट कसं वागायचं?

नवी_स्टाफनर्स:
नमस्कार. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून मराठवाड्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात कंत्राटी लागले आहे. ड्युटी लेबर रूमची. रात्री मी आणि एक मावशी, एवढंच. कधी कधी एक टेबलावर, दोघी कळांत आणि एक नुकती बाळंत झालेली, असं सगळं एकदम असतं.

आमच्याकडच्या काही सीनियर बायकांवर फार ओरडतात. नवऱ्यावरून बोलतात, ते इथे लिहवत नाही. मांडीवर चापटही मारतात. त्यांचं म्हणणं, ओरडल्याशिवाय बाई जोर लावत नाही, आणि बाळाचं काही झालं तर नातेवाईक आपल्यालाच धरतात. मला हे पटत नाही. पण एवढ्या गर्दीत एकेकीशी बोलायला वेळ कुठून आणायचा तेही कळत नाही. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सांगा. "प्रेमाने वाग" एवढंच नको, हाताने काय करायचं ते सांगा.

निवृत्त_परिसेविका:
पोरी, बरं झालं विचारलंस. माझी सगळी नोकरी लेबर रूममध्ये गेली, शेवटची बरीच वर्षं सांगली-कोल्हापूरच्या कारखानदारीच्या पट्ट्यात. ऊसतोडणीच्या हंगामात तुमच्या बीडकडच्या बायका थेट फडातून यायच्या. नववा महिना भरलेला, अंगावर पाचटाच्या खरचटण्या, हिमोग्लोबिन सातच्या आसपास. सोबत ना कार्ड, ना सोनोग्राफी. बाई दारात आली की पहिला प्रश्न कानावर पडायचा, "फाईल कुठाय? नऊ महिने झोपली होतीस का?"

अशीच एक आली होती. दारातच तिला पुष्कळ ऐकवून झालं होतं. मी ड्युटीवर आले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडलेली, विचारलं तर म्हणे काही होत नाही. मी तिच्याजवळ बसले, कुठल्या गावची, पहिलं लेकरू कुणाकडे ठेवलंस, असं विचारलं. मग हळूच म्हणाली, "बाई, सकाळपासून डोकं लई ठणकतंय, डोळ्याम्होरं अंधारी येती." बीपी घेतलं तर वरचं १६० च्या पुढे. डॉक्टरांना उठवलं, झटका टाळायला मॅग्नेशियमचा पहिला डोस दिला आणि १०८ मधून जिल्ह्याला पाठवलं. झटका यायच्या आत पोचली. ते डोकं दुखणं तिने मघाशी का सांगितलं नाही? फडावर परत जायचं म्हणून अंगावर काढायची सवय, आणि त्यात दारात शिव्या. जिच्यावर आपण ओरडतो ती लक्षणं लपवते. डोकेदुखी, अंधारी, पोटात वरच्या बाजूला दुखणं, बाळ कमी हलणं, हे कुठलंच मशीन आपल्याला आधी सांगत नाही, ते बाईच्या तोंडूनच येतं. सीनियरना हे सांग. चांगलं वागणं हा तपासणीचाच भाग आहे असं म्हटलं की त्याही ऐकतात, माझा अनुभव आहे.

आता वेळेचं. तुला वेगळा वेळ काढावा लागत नाही. बीपी घेताना, नाडी बघताना, बाळाचे ठोके ऐकताना तुझा हात तिच्या अंगावर असतोच. तेवढ्यात नाव घेऊन बोल. "पेशंट" नको, "ए बाई" नको. आतून तपासायच्या आधी सांग, कळ ओसरू दे, चादर गुडघ्यांवरून ओढून घे, आणि झाल्यावर गर्भपिशवीचं तोंड किती उघडलंय ते तिला सांग. आपण डॉक्टरांना सांगतो आणि जिचं शरीर आहे तिला सांगत नाही, याचा मला कायम राग आला आहे.

जोर लावण्याबद्दल. पिशवीचं तोंड पूर्ण उघडायच्या आधी "लाव जोर, लाव जोर" म्हणून काही साधत नाही, बाई थकून जाते आणि ऐन वेळी तिच्यात त्राण उरत नाही. तोपर्यंत तिला चालू दे, डाव्या कुशीवर झोपू दे, पाणी, चहा, पातळ पेज घेऊ दे. चालू देणं आणि खाऊपिऊ देणं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या सूचनांतही आहे. पोटावरून दाब देऊ नये आणि सरसकट सगळ्यांना छेद (बाळाची वाट रुंद करायचा काप) घेऊ नये, हेही त्यातच आहे. छेद घ्यावाच लागला तर भूल चढेपर्यंत थांब. टाके घालताना "एवढं काय, दोनच तर आहेत" म्हणून सुई घालणारे हात मी पाहिलेत.

आणि सोबतीण. तू एकटी असतेस म्हणून तर ती आत हवीच. केंद्र सरकारने २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबत ठेवायला परवानगी दिली आहे, आणि लेबर रूम सुधारण्याच्या २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही ती धरलेली आहे. कुणीतरी अडवलं तर हे दाखव. स्वतः बाळंतपण झालेली, अंगात आजार नसलेली, स्वच्छ कपड्यातली बाई. कोण हवी ते त्या बाईलाच विचार, सासू असेलच असं धरून चालू नकोस. आमच्याकडे टोळीतली जाऊ नाहीतर शेजारच्या कोपीतली (उसाच्या फडावरच्या झोपडीतली) बाई यायची. तिला काम दे, कमरेवर खालून वर चोळ, घोटघोट पाणी पाज, अंगावरून जास्त जायला लागलं तर मला हाक मार. तुला दोन हात जास्त मिळतात.

सगळ्यात जास्त जीव मी बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन तासांत घातला. बाळ झालं, वार पडली, की सगळे बाळाभोवती. पेढे, फोन. बाई थंडीने कुडकुडत टेबलावर. तिला कोरडी चादर दे, बाळ तिच्या छातीवर ठेव, तिथेच पहिल्या तासात पाजायला घेऊ दे, चीक फेकू देऊ नकोस. पहिला तास दर पंधरा मिनिटांनी नाडी, बीपी, पॅड, आणि पोटावर हात ठेवून पिशवी घट्ट आहे का ते बघ. मऊ लागली तर चोळ आणि हाक मार. एक पॅड पाच मिनिटांत भिजत असेल तर वाट बघायची नाही. लघवी झाली का हे विचारायला विसरू नकोस, मूत्राशय भरलेलं असलं की पिशवी आवळत नाही. टाक्यांच्या भीतीने बायका लघवी दाबून ठेवतात. धरून न्यायची, कोमट पाणी ओतायचं, होते.

चापट मारणाऱ्या सीनियरशी बायकांसमोर भांडू नकोस. तू त्या टेबलापाशी डोक्याकडच्या बाजूला उभी राहा आणि बाईचा हात धर. मग इन्चार्जना सांग, आणि थांबलं नाही तर वैद्यकीय अधीक्षकांना लेखी दे.

लेकीची_आई_नाशिक:
मी नर्स नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझी दुसरी मुलगी झाली तेव्हा खोलीत एकदम सगळे गप्प झाले. मावशींनी तोंड वाकडं केलं, बहुधा बक्षिसी गेली म्हणून. मी टेबलावर पडल्या पडल्या रडायला लागले. सिस्टरनी बाळ पुसून माझ्या गळ्याशी आणलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, "ताई, किती जावळ आहे बघा लेकीला! वजन तीन किलो, रंग गुलाबी, रडणं खणखणीत." बाहेर जाऊन सासूबाईंनाही तेच त्याच सुरात सांगितलं. सासूबाई पुढे दोन दिवस येणाऱ्या प्रत्येकाला ते जावळ दाखवत होत्या.

तुम्ही जे पहिलं वाक्य बोलता ते घरात जातं. एवढं लक्षात ठेवा, सिस्टर.

आशा_नंदुरबार:
परिसेविका मॅडमनी दवाखान्याचं सांगितलं, मी घरचं सांगते. बाई घरी आली की आम्ही आशा कार्यकर्त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातो. हे घरभेटींचं काम गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आधी करून दाखवलं, नंतर ते देशभर आलं. घरी गेल्यावर सगळे बाळाचं वजन बघायला जमतात. मी आधी आईकडे वळते. ताप आहे का, अंगावरून जाणाऱ्याला वास येतो का, छाती दगडासारखी झालीय का, पोटरी एका बाजूची सुजलीय का. बऱ्याच घरांत पोट सुटतं म्हणून तिला पाणी मोजून देतात. दूध येईल कुठून? शेगडीच्या धुरात बंद खोलीत ठेवतात. मी सासूशी वाद घालत नाही, बाजरीची पेज, अळिवाची खीर याचं कौतुक करते आणि त्यातच सांगते, बाळ पाजायला घेतलं की आधी आईला तांब्याभर पाणी.

तुम्हाला एक विनंती. सुट्टी देताना लोहाच्या गोळ्या नुसत्या हातात कोंबू नका. बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या आहेत, कॅल्शियमच्या गोळीबरोबर एकदम घ्यायच्या नाहीत, शौचाला काळं होतं त्याला घाबरायचं नाही, हे तिला आणि सोबतच्या माणसालाही सांगा. नाहीतर गोळ्या फडताळात पडून राहतात.

आणि रडणं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळ्यांत पाणी येतं ते बहुतेकींचं आठवड्या-दोन आठवड्यांत जातं. त्यापुढेही झोप नाही, खाणं नाही, बाळाला घ्यावंसं वाटत नाही असं असेल तर तो आजार आहे. "बाहेरचं लागलं" म्हणून घरचे भगताकडे नेतात. मी आधी डॉक्टरांकडे नेते, आणि १४४१६ हा टेलिमानसचा फुकटचा नंबर घरच्यांसमोरच लावून देते, मराठीत बोलतात. मरण्याचं किंवा बाळाला काही करण्याचं बोलली तर तिला एक क्षणही एकटी सोडायची नाही, त्याच दिवशी दवाखाना.

नवी_स्टाफनर्स:
मॅडम, ताई, सगळ्यांचे मनापासून आभार. सोबतीणीचं मी कालच्या रात्रीच करून बघितलं. एकीची मावससासू आत घेतली, ती स्वतः पाच लेकरांची आई, पूर्ण वेळ कंबर चोळत होती. बाई ओरडली नाही असं नाही, पण माझा हात सोडत नव्हती आणि सांगितलं तसं करत होती. मावशींनी सुरुवातीला कटकट केली, पहाटे त्यांनीच सोबतीणीला चहा आणून दिला.

अडचण अशी की आमच्याकडे दोन टेबलांमध्ये पडदाच नाही. सोबतीण आत आली की शेजारची बाई उघडी पडते. स्टोअरला विचारलं तर "मागणी टाका, येईल तेव्हा येईल."

निवृत्त_परिसेविका:
स्टोअरच्या भरवशावर राहू नकोस. दवाखान्याच्या रुग्ण कल्याण समितीचा निधी असतो, पडद्यासारखी छोटी खरेदी त्यातून होते. इन्चार्ज सिस्टरच्या सहीने अधीक्षकांच्या नावे अर्ज दे, 'लक्ष्य'च्या तपासणीत दोन टेबलांमधल्या आडोशाला गुण असतात हे त्यात लिही. तोवर सलाईनचे दोन स्टँड दोरीने जोडून त्यावर चादर टाक, आम्ही तसंच करायचो. चादर गडद रंगाची घे, दिव्याच्या उजेडात पांढरीतून सगळं दिसतं.