अमेरिकेतील कालविभाग, दूरचित्रवाणी आणि झोपेची वेळ

प्रश्न : अमेरिकेच्या मध्य कालविभागात लोक घड्याळानुसार पूर्व किनाऱ्यापेक्षा लवकर झोपतात, यामागे सूर्यास्त आहे की दूरचित्रवाणीचे वेळापत्रक?

उत्तर १ : माझ्या मते वेळापत्रकाचा वाटा मोठा आहे. न्यूयॉर्कमध्ये रात्री ८ ते ११ दिसणारे मुख्य कार्यक्रम मध्य कालविभागातील शिकागोत (तेथील घड्याळ तासभर मागे असते) साधारणपणे त्याच क्षणी, म्हणजे तेथील ७ ते १० या वेळेत दिसतात. त्यामुळे रात्रीच्या बातम्याही ११ ऐवजी १० वाजता लागतात आणि दिवे तासभर आधी मालवता येतात.

उत्तर २ : पश्चिम किनाऱ्यावरील लॉस एंजेलिसचे घड्याळ न्यूयॉर्कपेक्षा ३ तास मागे असते; तेथे मात्र हेच कार्यक्रम ३ तास उशिरा, म्हणजे स्थानिक ८ ते ११ या वेळेत दाखवले जातात. थेट सामन्यांना ही सोय नसते आणि रात्रीच्या सामन्यांमुळे पूर्वेकडील शाळकरी मुलांची झोप मोडते, याची मला खरोखर काळजी वाटते.

उत्तर ३ : हवे तेव्हा पाहण्याच्या सोयीने हे बंधन आता सैल झाले आहे.