मदत हवी आहे: १२ तास भिजवूनही राजमा मऊ शिजत नाही

रोजचा डबा

राजमा आणि काबुली हरभरे, दोन्हींचा हाच घोळ होतोय. पद्धत अशी: १ वाटी राजमा रात्री नळाच्या पाण्यात भिजत घालते. सकाळी ५ लिटरच्या कुकरमध्ये कांदा-टोमॅटो परतून त्यातच राजमा, मीठ आणि ३ वाट्या पाणी घालते. मोठ्या आचेवर ७ शिट्ट्या झाल्या की शिट्टी उचलून वाफ काढते, कारण सकाळी घाई असते.

साल फुटते, पण दाणा आतून कचकचीत राहतो. काही दाणे तर अगदी गणंग. आणखी ४-५ शिट्ट्या दिल्या की रस्सा आटून तळाला लागतो. इमारतीला बोअरचं पाणी आहे. हॉटेलातला राजमा मात्र अख्खा दिसतो, आतून लोण्यासारखा असतो आणि रस्साही दाट. तसा घरी कसा करायचा? सोडा घालावा का?

मंद आच

तुमच्या कृतीत तीन गोष्टी दाण्याला मऊ होऊ देत नाहीत. त्यात सगळ्यात मोठी म्हणजे टोमॅटो.

दाण्याच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन गरम पाण्यात सुटं झालं की दाणा मऊ पडतो. पाणी आंबट असेल तर ते सहज सुटं होत नाही. म्हणून टोमॅटो, लिंबू, दही, व्हिनेगर यांतलं काहीही राजमा पूर्ण शिजेपर्यंत कुकरमध्ये जाऊ देऊ नका. आधी टोमॅटो घातला की वेळ वाढवूनही फारसा उपयोग होत नाही. उलट मसाला करपतो, तुमचं तेच होतंय.

दुसरं, शिट्ट्या मोजणं सोडा. शिट्टी म्हणजे जादा वाफ बाहेर पडली, एवढंच. आच मोठी असली की ७ शिट्ट्या ७-८ मिनिटांतही होतात आणि मंद असली तर त्यालाच अर्धा तास लागतो. पूर्ण दाब आल्यावर आतलं तापमान साधारण १२० अंश सेल्सिअस असतं. मोठ्या आचेनं ते आणखी वाढत नाही, फक्त पाणी उडून जातं. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा आणि घड्याळ लावा: भिजवलेल्या राजम्याला २० मिनिटं, काबुली हरभऱ्यांना २० ते २५. इलेक्ट्रिक कुकरचा दाब बहुधा कमी असतो, त्यात ५-७ मिनिटं वाढवा.

तिसरं, वाफ आपोआप जिरू द्या. त्या १०-१५ मिनिटांत दाणा शिजतच असतो. शिट्टी उचलली की दाब एकदम उतरतो, आतलं पाणी खळखळून उकळतं आणि साल फाटते. साल फुटलेली आणि गाभा कच्चा, हे त्याचंच लक्षण आहे. शिवाय पिठूळ फेस शिट्टीच्या नळीत चढून ती बुजू शकते, हा धोका वेगळाच. कडधान्याचा कुकर पाण्यासकट निम्म्याच्या वर कधीही भरू नये. चमचाभर तेल घातलं की फेस कमी येतो.

एक तपासणी जरूर करा. सकाळी भिजलेला एक दाणा सुरीनं मधोमध कापा. आतला रंग कडेपासून मध्यापर्यंत सारखा असेल तर भिजला. मध्ये पांढुरकी, खडूसारखी कोरडी रेघ दिसली तर पाणी तिथवर पोचलेलं नाही. सालीवर सुरकुत्या असणंही अर्धवट भिजल्याचंच लक्षण, कारण साल आधी फुगते आणि गाभा मागून. नीट भिजलेल्या राजम्याचं वजन जवळपास दुप्पट होतं. रात्री विसरलात तर राजमा पाण्यात ३ मिनिटं उकळा, झाकून तासभर ठेवा, पाणी बदला आणि शिजवा.

गाळलेलं पाणी

बोअरच्या पाण्याचा मुद्दा वर राहून गेला. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं, ते पेक्टिनला आणखी घट्ट बांधतं. किटलीत पांढरा थर बसतो का? साबणाला फेस येत नाही का? मग भिजवायला आणि शिजवायला, दोन्हींना आरओ फिल्टरचं पाणी घ्या, साध्या फिल्टरनं हा जडपणा जात नाही. खात्रीसाठी एकाच पाकिटातला अर्धी वाटी राजमा नळाच्या आणि अर्धी वाटी फिल्टरच्या पाण्यात भिजवा. मग दोन डब्यांत तेच पाणी ताजं घालून एकाच कुकरमध्ये शिजवा. फरक बोटांनाच कळेल.

भिजवताना १ लिटर पाण्याला १५ ग्रॅम, म्हणजे १ मोठा चमचा मीठ घाला. मिठानं कडधान्य शिजत नाही असं आपल्याकडे सरसकट म्हटलं जातं, ते बरोबर नाही. भिजवणाच्या मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं, त्यामुळे साल मऊ पडते आणि कमी फुटते. ते पाणी ओतून दाणे धुवा आणि रश्श्यात मीठ बेतानं घाला.

खाण्याचा सोडा हा शेवटचा उपाय, तोही १ लिटर भिजवणाला पाव चहाचमचाच. जास्त झाला तर साबणासारखी चव येते, दाणा लगदा होतो आणि ब१ जीवनसत्त्व नष्ट होतं.

एवढं करूनही थोडेच दाणे गणंग राहिले तर माल जुना किंवा जुना-नवा मिसळलेला. उष्ण, दमट जागी महिनोन्‌महिने पडून राहिलेला दाणा कितीही शिजवा, पुरता मऊ होत नाही. दुकान बदला आणि नवा राजमा जुन्याच्या डब्यात ओतू नका.

कच्चा नको

कचकचीत राजमा तसाच डब्यात देत असाल तर कृपया थांबवा. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं. ४-५ कच्च्या दाण्यांनीही १ ते ३ तासांत जोराच्या उलट्या होऊ शकतात. भिजवलेलं पाणी फेकायचंच. उघड्या भांड्यात शिजवणार असाल तर किमान ३० मिनिटं खळखळून उकळा, हा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला आहे. मंद शिजवणाऱ्या इलेक्ट्रिक भांड्यात कच्चा राजमा कधीही टाकू नका. ८० अंशांच्या आसपास ते विष नष्ट होत नाही, उलट वाढतं. कुकरच्या पूर्ण दाबावर २० मिनिटं शिजवलात तर काळजी नाही.

रोजचा डबा

सगळ्यांचे आभार, टोमॅटो आणि घाई दोन्ही बंद. पण राजमा वेगळा शिजवला तर मसाल्याची चव आत मुरते का? आणि आठवड्याचा एकदम शिजवून ठेवता येईल?

मंद आच

मुरते, आणि हॉटेलात असंच करतात: राजमा वेगळा, मसाला वेगळा, मग दोन्ही एकत्र. कांदा-टोमॅटोला तेल सुटलं की शिजलेला राजमा त्याच्या पाण्यासकट त्यात घाला. ते पाणी ओतू नका, रश्श्याचा दाटपणा त्यातच आहे. दोन डाव दाणे कढईच्या कडेला दाबून ठेचा आणि मंद आचेवर २० मिनिटं उकळू द्या. या वेळी टोमॅटोचा उपयोगच होतो, शिजलेला दाणा त्याच्यामुळे फुटत नाही. मग अर्धा तास झाकून ठेवा.

आठवड्यासाठी ५०० ग्रॅम शिजवा. पसरट भांड्यात लवकर गार करा आणि २ तासांच्या आत फ्रीजमध्ये टाका. तिथे ३-४ दिवस टिकतो. बाकीचा एकेका वेळेपुरता डब्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवा, दाणे बुडतील इतक्या त्याच पाण्यात. डब्यात बोटभर जागा मोकळी सोडा, पाणी गोठताना फुगतं.