मुलींच्या आहारातलं लोह: एकदा विचारून भागेल?

प्रश्न: एम.एस्सी. पोषणशास्त्राचा प्रबंध आहे, १६-१७ वर्षांच्या मुलींवर. २४ तासांत काय खाल्लं हे एकदाच विचारलं तर चालेल?

उत्तर १: नाही. लागून नसलेले दोन दिवस घ्या, त्यात एक रविवार. आणि ‘एक वाटी आमटी’ एवढंच लिहून आणू नका. वाटीत पाणी भरून मापा, १०० मिलि की १५०? आकडे तिथेच घसरतात. जेवणाबरोबर चहा होता का तेही विचारा, लोह कमी शोषलं जातं.

उत्तर २: ‘आयएफसीटी २०१७’चे, म्हणजे भारतीय खाद्यपदार्थांत कोणते पोषक घटक किती हे सांगणारे, तक्ते वापरा. ते बहुतेक कच्च्या जिनसांचे आहेत. शिजलेल्या भाताचं वजन (त्यात पाणी आलं) तसंच घातलंत तर लोहाचा आकडा फुगतो.

उत्तर ३: एथिक्स कमिटीची मंजुरी आधी, मागाहून मिळत नाही. पालकांची संमती हवीच, मुलीचा होकारही. पहिले पाच फॉर्म भरले की गाइडना दाखवा, पन्नास झाल्यावर नको.