चिपी विमानतळ (सिंधुदुर्ग) पार्किंग: इलेक्ट्रिक गाड्यांसाठी चार्जर कोणते लावावेत?

प्रश्न: प्रवासी गाडी दोन-तीन दिवस लावून जातात. १० जागांसाठी डीसी फास्ट चार्जर (गाडी झटपट भरणारे) घ्यावेत का?

उत्तर: नकोत. गाडी उभीच असते, ३.३ किलोवॅटनेही १२ तासांत सुमारे ४० युनिट जातात. टाइप २ (गाडीला जोडायच्या प्लगचा प्रकार) चे ७.४ किलोवॅट एसी पॉइंट घ्या, पण लोड मॅनेजमेंटसह, म्हणजे उपलब्ध वीज सगळ्या पॉइंटमध्ये वाटून देणाऱ्या यंत्रणेसह. नाहीतर ७४ किलोवॅटचा भार मंजूर करून घ्यावा लागेल.

प्रश्न: चार्जरपर्यंत केबल किती जाडीची लागेल?

उत्तर: केबल ६० मीटर असेल तर १० चौरस मिमी तांबं. ६ चौरस मिमीमध्ये ३२ अँपिअरला वाटेतच १४ व्होल्ट कमी होतात.

प्रश्न: या जागी आणखी काय सांभाळावं लागेल?

उत्तर: सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या पठारावर, खरी अडचण अर्थिंगची. पावसाळ्यात अर्थिंगच्या रोधाचं रीडिंग छान, म्हणजे कमी येतं. मे महिन्यात जांभा सुकला की चढतं आणि चार्जर अर्थ फॉल्ट दाखवून थांबतो. चाचणी मेमध्येच घ्या. प्रत्येक पॉइंटला वेगळी ३० मिलिअँपिअर आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) हवीच. खाऱ्या वाऱ्यात साधे नटबोल्ट गंजतात, एसएस ३१६ (गंजाला जास्त टिकणारं स्टेनलेस स्टील) वापरा.