शब्दचर्चा : वाम

‘वाम’ची कोकणी कृती वाचून सोलापूरच्या मासळी बाजारात गेलं की पिशवीत भलताच मासा पडतो. कोणता अर्थ खरा? नदीच्या बाजूनं ‘भीमाकाठ’ बोलतो, समुद्राच्या बाजूनं ‘खारवट’.

भीमाकाठ : इथं नुसतं ‘वाम’ म्हटलं की उजनीची किंवा भीमेची. शास्त्रीय नाव मास्टासेम्बेलस अर्मेटस. हिंदीतला ‘बाम’ तो हाच. नाक मांसल, पुढं सोंडेसारखं निघालेलं, आणि पाठीवर 32 ते 40 सुटे काटे. शेपटीकडून डोक्याकडं हात फिरवाल तर बोटं सोलून निघतील. खवले असतात, पण इतके बारीक की नाहीतच वाटावं.

खारवट : किनाऱ्यावरची वाम समुद्रतळाची. काँग्रेसॉक्स टॅलाबोनॉइडिस आणि तिच्या जवळच्या जाती. उथळ समुद्राच्या मऊ चिखलात, 100 मीटर खोलीपर्यंत वस्ती. खाणं मुख्यतः तळाचे मासे. अडीच मीटरपर्यंत वाढते. अंगावर खवला नाही, पाठीवर काटा नाही. तोंड उघडून टाळा बघा: मधोमध सुळ्यांची रांग दिसेल. मेलेल्या वामेच्या तोंडातही बोट घालू नये. नातं म्हणाल तर खरा सर्पमीन (ईल) हीच, नदीतली नुसती दिसायला तशी. गोड्या पाण्यातला खरा सर्पमीन म्हणजे अहीर.

भीमाकाठ : समुद्राची वाम आमच्याकडं बर्फातून येते ती तुकडे करूनच. मग ओळखायची कशी?

खारवट : तुकड्याच्या वरच्या कडेला बघा. सलग मऊ पर असेल तर समुद्राची, टोचरे खुंट असतील तर नदीची. शेपटीच्या तुकड्यावर मात्र ही खूण चालत नाही, कारण नदीच्या वामेलाही मागं मऊ परच असतो.

कृती फसते ती इथंच. समुद्राच्या वामेला मूठभर जाडं मीठ चोळून बुळबुळ काढायची आणि दोन-तीनदा धुवायचं. ती राहिली तर मसाला धरत नाही, तव्यावर पीठ सुटतं. मांसात केसासारखे दुबेळके काटे असतात, ते उपसून निघत नाहीत. म्हणून पोटाकडचे दोन सेंटिमीटरचे तुकडे तळायला, शेपटी कालवणाला. जपानी लोक याच कुळातल्या माशाला कातडी न तोडता 3 सेंटिमीटरमध्ये 24 चिरा देतात, काटे तुकडे होऊन जाणवू नयेत म्हणून. आपल्या विळीवर ते जमणं कठीण.

भीमाकाठ : नदीच्या वामेचे पाठीचे काटे मात्र आधी कात्रीनं उडवायचे, मग राख लावून घासायचं. म्हणजे कृतीच्या डोक्यावर ‘समुद्राची’ की ‘नदीची’ एवढं तरी लिहा.