स्कोपवरचा दिवा: ल्युमेनपेक्षा झोत पाहावा

न्यूझीलंडमधील कुरणांवर रात्री ससे मारण्यासाठी रायफलच्या स्कोपवर (नेम धरायच्या दुर्बिणीवर) लाल दिवा बसवावा की हिरवा, आणि तो किती ल्युमेनचा असावा, असा प्रश्न एकाने विचारला आहे. ल्युमेनचा आकडा एकूण प्रकाश सांगतो, झोत किती लांब पोहोचेल हे कँडेलावरून (एका दिशेतल्या प्रकाशाच्या तीव्रतेवरून) कळते; .२२ रिमफायरने (लहान काडतुसाच्या हलक्या रायफलने) ६०-७० मीटरच्या आत मारायचे असेल, तर अवाजवी प्रखर दिव्याने समोरचे ओले गवत आणि सायलेन्सरच उजळून निघतो व आपलेच डोळे दिपतात. हिरव्या प्रकाशात आपल्याला तपशील अधिक स्पष्ट दिसतो हे खरे, परंतु लाल प्रकाशाला ससे सहसा कमी बुजतात, म्हणून मी लालच वापरतो, तोही हळूहळू वाढवता येणारा.

स्कोपवरच्या दिव्याने शोध मात्र कदापि घेऊ नये, कारण दिवा जिकडे वळतो तिकडे रायफलची नळीही वळते, आणि अंधारात चमकणारे डोळे मेंढीचे किंवा शेतकऱ्याच्या कुत्र्याचेही असू शकतात. त्यासाठी हातातला वेगळा टॉर्च ठेवावा. सार्वजनिक संवर्धन क्षेत्रात रात्रीच्या शिकारीस मनाई आहे. त्यामुळे हे सारे खासगी जमिनीपुरते, मालकाच्या परवानगीने. दिवा बसवल्यानंतर नेम दिवसाउजेडी पुन्हा तपासून घ्यावा.